चांद्याची वाट

एक होता म्हाकू धनगर. राजाबिजा नाही हं, आधीच सांगते, मागाहून कुरकुर नको. वीस मेंढरं, एक घोंगडी आणि एक कुत्रा, एवढंच त्याचं राज्य. बायको देवाघरी गेलेली. एकुलती एक लेक सगुणा, ती डोंगरापलीकडे दिलेली.

आता तो डोंगर होता चकव्याचा. चकवा माणसाला वाट चुकवतो, बरं का. सकाळी डावीकडे दिसलेलं झाड दुपारी उजवीकडे. माणूस चालतो चालतो आणि पुन्हा तिथंच येतो. पण मातीचा वास काही चकव्याला बदलता यायचा नाही. म्हाकूचा कुत्रा चांद्या जमिनीला नाक लावून चालायचा. वळण आलं की थांबायचा, मागं वळून बघायचा. म्हाकू आला की मग पुढं. असा दर महिन्याला बाप लेकीला भेटायचा. खिंडीत बसून भाकरी सोडली की पहिला तुकडा चांद्याचा, मग म्हाकूचा.

मग चांद्या म्हातारा झाला. पहिल्या महिन्यात तो वाटेत दोनदा बसला. दुसऱ्या महिन्यात त्याच्या डोळ्यांवर पांढरा पडदा आला. तिसऱ्या महिन्यात पोचायलाच संध्याकाळ झाली. म्हाकूला एकच घोर लागला. चांद्या गेला की सगुणा जिवंत असून मेल्यासारखीच. हे तो कुणाला बोलला नाही. बोलणार कुणाला, मेंढरांना?

सगुणाला मात्र दिसत होतं. तिच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. त्यातलं एक तिनं बापापुढं धरलं. म्हणाली, "आबा, ह्याला घिऊन जावा."

म्हाकू म्हणाला, "चांद्या जित्ता हाय अजून."

म्हातारं कुत्रं दारात असताना दुसरं आणणं म्हणजे त्याच्या मरणाची वाट बघणं, असं त्याला वाटायचं. पण लेकीचं तोंड बघून त्यानं पिल्लू घेतलं. घेतलं, पण त्याला नाव ठेवलं नाही. खुंटीला बांधलं आणि उरलंसुरलं टाकलं. इतका शहाणा माणूस, पण मायेपुढं शहाणपण चालत नाही हो.

मग एक दिवस बाजारच्या माणसाबरोबर निरोप आला. सगुणाला मुलगी झाली, उद्या बारसं, आबांनी यावं. म्हाकू पहाटेच निघाला. चांद्याला तर उभंही राहवेना. मग त्यानं काय केलं? अशक्त कोकरू नेतात तसं चांद्याला घोंगडीच्या खोळीत घातलं आणि पाठीला बांधलं. पिल्लानं तिकडं दोरी कुरतडली आणि तेही मागं आलं.

डोंगरावर धुकं उतरलं. म्हाकू चालला, चालला, तर समोर एक काळा धोंडा. पुन्हा चालला, तर पुन्हा तोच धोंडा. पाठीवर चांद्या कुंईकुंई करून पाय झाडायला लागला. म्हाकूला वाटलं, म्हाताऱ्याला थंडी वाजते. त्यानं घोंगडी आणखी आवळली. तिसऱ्यांदाही तोच धोंडा आला तेव्हा म्हाकू मटकन खाली बसला आणि रडला. नात दिसायची नाही, लेक दिसायची नाही, कुत्रं पाठीवरच मरणार. आपणही इथंच संपलो तर बरं, असं त्याच्या मनात आलं. खोटं कशाला सांगू, आलंच.

घोंगडी सावरायला त्यानं हात मागं नेला, तेवढ्यात चांद्या त्याच्या मनगटाला कडकडून चावला. जन्मात कधी चावला नव्हता. त्या झटक्यानं घोंगडीची गाठ सुटली, चांद्या खाली पडला आणि त्याचं नाक मातीला लागलं. तेव्हा कुठं म्हाकूला कळलं. पाठीवर बांधलेल्या कुत्र्याला वाट कशी सापडणार?

मग चांद्या चालला. चार पावलं चालायचा, पडायचा, पुन्हा उठायचा. पिल्लू त्याच्या नाकाला नाक लावून चाललं. वळण आलं की चांद्या थांबायचा, त्या आंधळ्या डोळ्यांनी मागं बघायचा. पिल्लूही थांबायचं, मागं बघायचं. असं करत खिंड आली. खाली सगुणाच्या घराचा धूर दिसला. तिथं चांद्या म्हाकूच्या पायावर डोकं ठेवून झोपला, तो पुन्हा उठलाच नाही.

म्हाकूनं हातानं माती उकरली, चांद्याला ठेवलं, वर दगड रचले. मग बारशाला गेला. नातीला मांडीवर घेतलं आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडला. बाया म्हणाल्या, म्हाताऱ्याला आनंद झाला. सगुणानं दाराकडं पाहिलं. तिथं एकटंच पिल्लू बसलं होतं. तिला काही विचारावं लागलं नाही.

परतीला पिल्लू पुढं झालं. खिंडीत आलं आणि त्या दगडांपाशी बसलं. हाका मारल्या तरी हलेना. मग म्हाकूनं भाकरी सोडली. पहिला तुकडा दगडांवर ठेवला, दुसरा पिल्लाला दिला, तिसरा आपण खाल्ला. तेव्हा पिल्लू उठलं, जमिनीला नाक लावलं. पहिल्याच वळणावर थांबलं आणि मागं वळून बघितलं.

म्हाकू म्हणाला, "आलो रं, आलो."

पुढं दर महिन्याला बाप लेकीला भेटला. नात मोठी झाली, मेंढरं वाढली, सगळी सुखानं राहिली. आता डोळे मिटा बघू. आणि उद्या भाकरीचा पहिला तुकडा कुणाचा, ते मला सकाळी सांगा.