गादीतलं पीस

त्या दलदलीच्या राज्यात माद्यांना उडायला बंदी नव्हती. तिथले थोरले करकोचे हे वारंवार सांगत, आणि ते खरंही होतं. सुळका सगळ्यांना खुला होता. थंडी तोंडावर आली की त्या वर्षीची पिल्लं रांगेनं वर चढत आणि उडी घेत. नर डोंगरापलीकडच्या उबदार तळ्यांकडे निघून जात. माद्या खाली चिखलात पडत. थोरले हळहळत, मान हलवत, आणि पडलेल्यांना घरटी लिंपायच्या कामाला लावत. पडलेलीला दुसरी उडी नसे.

थोरले ज्या गादीवर बसून हे सगळं पाहत, ती फार मऊ होती. सुळक्याच्या आदल्या दिवशी आया लेकींना पुढ्यात घेऊन त्यांच्या पंखांतली सगळ्यांत लांब पिसं उपटत आणि ती या गादीत भरत. मावश्या गाणी म्हणत. रडणारीला हसत.

शेवरीला वाऱ्याचे सगळे धडे पाठ होते. पाठच्या भावाकडून, डौलकडून, तिनंच ते घोकून घेतले होते. आईनं तिचा पंख धरला तेव्हा तिनं विचारलं, "ही पिसं गेल्यावर मी उडू कशानं?"

"पिसांचं काय एवढं? परत येतात ती. माझी नाही आली?"

"सुळका होऊन गेल्यावर आली."

"किती बोलतेस गं! माझं करड्या पट्ट्याचं पीस थोरल्यांनी स्वतः निवडून गादीत घातलं होतं. सगळ्या दलदलीत नाव झालं माझं."

"आणि दुसऱ्या दिवशी तू पडलीस."

"मी वारा चुकले," आई म्हणाली. "धडा नीट ऐकला नव्हता. म्हणून तर तुला इतकं शिकू दिलं."

"आई, तू वारा चुकली नव्हतीस."

आईची चोच थांबली. बाहेरून मावशी ओरडली, "अगं, पिसं काढतेस की चिखल चाळतेस? आमची गाणी संपली!" आईनं डोळे मिटले. "एकटी कुठं जाशील गं पलीकडे?" असं म्हणून तिनं पुढचं पीस धरलं.

दुसऱ्या दिवशी सुळक्यावर शेवरी थोरल्यांसमोर उभी राहिली. "आधी आमची पिसं द्या. मग बघा आम्ही पडतो का."

थोरले मनापासून दुखावले. "पोरी, आम्ही कुणाला कधी अडवलं? पिसं मागितली? तुमच्या आयाच हौसेनं आणून देतात. उडायचं तर उड, नाहीतर बाजूला हो. तोंड चाललं म्हणून पंख चालत नाहीत."

रांगेत हशा पिकला. डौलनं बहिणीच्या बोडक्या पंखांकडे पाहिलं, मान वळवली, आणि तिनं शिकवलेला वारा धरून तो निघून गेला.

मग शेवरीनं उडी घेतली. वारा तिनं अचूक ओळखला होता. तो तिच्या पंखांमधून आरपार निघून गेला.

खाली आई आधीच जागा करून उभी होती. तिनं शेवरीच्या डोळ्यांतला चिखल पुसला.

वर थोरल्यांना काहीतरी टोचलं. त्यांनी कूस बदलली, गादीतून एक पीस ओढून काढलं आणि कड्यावरून टाकून दिलं. ते थोडं खाली आलं. त्यावर करडा पट्टा होता. मग वाऱ्यानं ते उचललं, आणि कुणी न शिकवता ते वर गेलं, आणखी वर, निघालेल्या नरांना मागं टाकून थेट डोंगराच्या माथ्यावर.

आई मान उंचावून पाहत राहिली.

"वारा तर बरोबर होता," ती पुटपुटली.

पीस डोंगरापलीकडे दिसेनासं झालं. थोरल्यांनी गादी थोपटून सारखी केली आणि पुढचीला हाक मारली. आईनं शेवरीला हलकेच बाजूला ओढलं. पडणारीला जागा लागणार होती.