ढेकळासकट उपटलेली खुंटी

फार वर्षांपूर्वी एका सकाळी खडकओहोळच्या माळावर म्हाळू धनगर मेंढरांची लोकर कातरत बसला होता. त्याचा थोरला मुलगा माणका मेंढी धरून होता. रोजच्यासारखाच दिवस. तेवढ्यात धोंडी कुंभार धापा टाकत आला. त्याची अकरा वर्षांची राही सूरपारंबी खेळताना वडावरून पडली होती आणि तिला पाय टेकवत नव्हता.

म्हाळू हाडं बसवायचा. त्याच्या बोटांना डोळे होते, असं म्हणतात. गुडघा दुखावला की त्याची रीत एकच. पाय धरायचा, झटक्यात ओढायचा आणि तेलानं चोळायचा. मोठ्या माणसांना गुण यायचा. माणका दहा वर्षांचा असताना म्हाळूनं त्याचाही गुडघा असाच ओढला होता. तेव्हापासून माणका लंगडत होता. बापलेक त्यावर कधी बोलले नव्हते.

म्हाळू त्याच्या घरी गेला. राहीचा गुडघा कवठासारखा फुगला होता. म्हाळूनं तिची पोटरी धरली. इतक्यात अंगणातल्या वासरानं हिसका दिला. दावं तुटलं नाही, ओल्या जमिनीतून खुंटीच ढेकळासकट वर आली. म्हाळू बराच वेळ त्या खुंटीकडे बघत राहिला. मग त्यानं पोटरीवरचा हात काढून घेतला.

"धोंडी, लेकरांची हाडं ओल्या मातीसारखी असतात. आतल्या शिरेचं दावं धड आहे, हाडातली खुंटी उपटलीय. आता ओढलं तर ती जागेवर बसायची नाही."

"ओढणार नाहीस? मग तुला बोलावलं कशाला? चोळायला माझी म्हातारी होतीच की."

"चोळायचंही नाही."

त्यानं पाय हलकेच सरळ ठेवला आणि दोन्ही बाजूंनी बांबूच्या कामट्या बांधल्या. सव्वा महिना गुडघा वाकवायचा नाही, असं बजावलं.

"सव्वा महिना कोण राहील असं?" राही म्हणाली.

"मी राहतो. तू हरलीस तर सांग."

असं म्हणतात, की म्हाळूनं स्वतःच्या पायालाही कामट्या बांधल्या. तसाच जेवला, तसाच मेंढरांमागे गेला. मेंढरंही त्याच्या चालीनं चालू लागली आणि वाटेतले ओढे त्याच्यासाठी उथळ झाले, असं म्हणतात. सव्वा महिन्यानं दोघांनी एकदमच गुडघे वाकवले. राहीचा अलगद वाकला. म्हाळूच्या गुडघ्याचा कडकन आवाज मात्र पार वेशीपर्यंत ऐकू गेला. पुढच्या जत्रेत राही अशी धावली, की एडकाही मागे पडला.

आजही खडकओहोळात लेकराचा गुडघा सुजला तर कुणी ओढत नाही, चोळत नाही. बिरोबाच्या देवळात जपून ठेवलेल्या कामट्या आणून पाय आहे तसा बांधतात आणि थेट तालुक्याच्या दवाखान्यात नेतात. म्हाळूच्या नावानं वर्षातून एकदा पंगत बसते. तिथे सगळे एक पाय लांब करून जेवतात, वाढपी अडखळतात आणि गाव हसतं.

त्या दिवशी पहिलं पान माणक्याच्या नावानं वाढतात. खुंटी दिसली त्याच संध्याकाळी म्हाळू त्याच्याशी त्याच्या गुडघ्याबद्दल बोलणार होता. ते बोलायचं राहून गेलं.