पायाची साक्ष

"मी एक्केचाळीस माणसं वर काढली," म्हातारा म्हणाला. "त्यातलं एकही उठलं नाही. तुमचा देव उठवतो म्हणता. ते कसं?"

एल्डर अनुग्रह पाटोळे याला प्रश्न आवडला. उत्तर त्याला पाठ होतं.

म्हाताऱ्याचं नाव सखाहरी. धरणाकाठचा भोई. रोजचं काम मासेमारीचं. पण धरणात किंवा विहिरीत कोणी बुडालं, की तालुक्यातून त्यालाच बोलावणं यायचं. तो कमरेला दोर बांधून खाली जायचा आणि बुडालेल्याला घेऊन वर यायचा. काठावर बसलेल्यांच्या तोंडाकडे न बघता घरी जायचा.

एक्केचाळिसावा होता मार्थाबाई पारखे यांचा मुलगा.

दफनाच्या दिवशी सखाहरी कबरस्तानाच्या फाटकापाशीच उभा राहिला होता. हा पुन्हा उठेल, असं आत कोणीतरी म्हणालं, ते त्याने ऐकलं. पुढच्या रविवारी मंडळीच्या भाड्याच्या हॉलमध्ये तो शेवटच्या खुर्चीवर येऊन बसला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

मंडळी मॉर्मन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची. मार्थाबाई तिथल्याच. अनुग्रह तिथला मिशनरी. वय वर्षं वीस. दोन वर्षांसाठी जालन्याचं घर सोडून आलेला.

ही दोन वर्षं मोजूनमापून जगायची असतात. सकाळी साडेसहाला उठायचं, गुडघे टेकायचे, अभ्यास करायचा, पांढरा शर्ट इस्त्री करून घालायचा, खिशावर नावाची काळी पट्टी लावायची. सोबत्याला सोडून कुठे जायचं नाही. घरच्यांशी बोलायचं ते आठवड्यातून एकदा, सोमवारी. चहा घ्यायचा नाही. या भागात दारोदार चहाला हात जोडणं सोपं नव्हतं. पोराला काहीतरी दुखणं असावं, अशी बऱ्याच घरांची समजूत झाली होती.

अनुग्रहने दोन वर्षांत एकही नियम मोडला नव्हता. हे तो कोणाला सांगत नसे. पण त्याचा त्याला कधी विसरही पडत नसे.

त्याने सखाहरीला उत्तर दिलं. मरण, देह, आत्मा, पुनरुत्थान. पुस्तकातली तीन वचनं काढून दाखवली. उलट्या घातलेल्या होडीवर बसून म्हातारा जाळ्याची गाठ मारत होता.

उत्तर संपलं.

"असं," सखाहरी म्हणाला.

पाच महिने हेच चाललं. दर मंगळवारी अनुग्रह यायचा. सोबत त्याचा जोडीदार येसुपादम असायचा. तो राजमहेंद्रीचा, त्याचं मराठी मोडकं, त्यामुळे तो फारसा बोलत नसे. एल्डर म्हणजे वडीलधारा, हे सखाहरीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नातवाच्या वयाच्या त्या पोराकडे बघून तो खूप हसला होता. तेव्हापासून तो त्याला अहोजाहो करायचा. "या, वडील," म्हणायचा, "बसा होडीवर."

अनुग्रह शिकवायचा. म्हातारा ऐकायचा. प्रत्येक पाठाच्या शेवटी तोच एक शब्द यायचा.

असं.

त्यातून काही पोचतं आहे की नाही, हे अनुग्रहला कळत नसे. एकदा परत येताना त्याने येसुपादमला विचारलंसुद्धा. येसुपादमने बराच विचार केला आणि म्हातारा चांगला ऐकतो, एवढंच सांगितलं.

मग एका मंगळवारी, पाठ सुरू व्हायच्या आधीच, सखाहरी म्हणाला, "तुम्ही माणसाला पाण्यात घालता ना... ते मला घाला."

अनुग्रहने पाठाचा कागद घडी करून खिशात ठेवला. दोन वर्षांत त्याने पुष्कळांना शिकवलं होतं. कोणी मध्येच सोडून गेलं, कोणाचा बाप्तिस्मा त्याची बदली झाल्यावर दुसऱ्याच्या हातून झाला. त्याच्या स्वतःच्या हातून एकही नाही. आणि पुढच्या सोमवारी त्याला घरी परतायचं होतं.

शनिवार ठरला. जागा म्हणून त्याने धरणच सुचवलं.

सखाहरीने मान हलवली. "त्या पाण्यात मी कामाला जातो."

म्हणून मंडळीतल्या एकाच्या कांद्याच्या मळ्यातला हौद घासून भरला. पाणी छातीइतकं.

यात एक नियम आहे. माणूस सगळा पाण्याखाली जायला हवा. एकाच वेळी, डोक्यापासून नखापर्यंत. काठावर दोन साक्षीदार उभे राहतात आणि फक्त तेवढंच बघतात. एक बोट जरी वर राहिलं, तरी पुन्हा पहिल्यापासून.

एक साक्षीदार येसुपादम. दुसऱ्या मार्थाबाई. त्या निवृत्त परिचारिका, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं मोजकं. हे काम त्यांनी स्वतः मागून घेतलं होतं. मुलगा गेल्यापासून त्या पाण्याजवळ गेल्या नव्हत्या. त्यामुळे कोणाला त्यांना नको म्हणवलं नाही.

अनुग्रह आधी उतरला. पांढरे कपडे, नीट विंचरलेले केस. मग सखाहरी. त्याचा डावा गुडघा जुन्या एका विहिरीत निकामी झालेला, वाकत नसे.

अनुग्रहने त्याला समजावून सांगितलं. नाक धरायचं. छाती भरून दम घ्यायचा. घाबरायचं नाही, मी धरलेलं असेल.

"तुम्हाला पाण्यात जायला शिकवतोय हो हा," काठावरून मार्थाबाई म्हणाल्या.

"शिकवू द्या," सखाहरी म्हणाला आणि त्याने नाक धरलं.

अनुग्रहने उजवा हात वर केला, सखाहरीचं पूर्ण नाव घेतलं, प्रार्थना म्हटली आणि त्याला मागे झुकवलं. म्हातारा भोपळ्यासारखा तरंगला. डोकं खाली गेलं तसा ताठ पाय वर आला. आणि अनुग्रहने उचलायच्या आत तो आपला आपण वर येऊन उभा राहिला, चेहरा पुसत.

"अंगठा," मार्थाबाई म्हणाल्या.

पुन्हा हात वर. पुन्हा नाव, पुन्हा प्रार्थना. या वेळी अनुग्रहने जोर लावला. छाती दाबली गेली, पाय जास्तच वर आला. पुन्हा म्हातारा आपणहून उभा.

"टाच."

वारा सुटला होता. सखाहरीच्या ओठांचा रंग बदलला होता. बहात्तर वर्षांचं शरीर. अनुग्रह पाण्यातून चालत काठाशी गेला आणि हलक्या आवाजात मार्थाबाईंना समजावू लागला. म्हातारा गारठला आहे. सोमवारी मी जाणार. एवढीशी टाच. देव माणसाचं मन बघतो, हे तर आपणच सगळ्यांना सांगतो.

मार्थाबाईंनी पाण्यावरची नजर काढली नाही.

"मी मनाची साक्षीदार नाही, एल्डर," त्या म्हणाल्या. "पायाची आहे."



अनुग्रह वळला. सखाहरी हौदाच्या पायरीवर, अर्धा पाण्यात, थरथरत बसला होता. तक्रार नव्हती, घाई नव्हती. पुढे काय करायचं ते सांगाल तसं, अशा नजरेने तो अनुग्रहकडे बघत होता.

अनुग्रह त्याच्यासमोर उभा राहिला.  पाच महिन्यांत त्याने म्हाताऱ्याला शेकडो प्रश्न विचारले होते. सगळे पाठाच्या कागदावर छापलेले. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही, असा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

"बाबा," तो म्हणाला. "तुम्ही... खाली कसे जाता?"

"दम सोडून."

"पण मी तर भरून घ्यायला सांगितलं."

"म्हणून भरला."

"त्याने माणूस तरंगतो, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

सखाहरीने होय म्हणून मान डोलावली.

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही शिकवत होता," म्हातारा म्हणाला.

...

अनुग्रहने खाली बघितलं. पाण्यात त्याच्या खिशावरची पट्टी उलटी दिसत होती.

"आता तुम्ही सांगा," तो म्हणाला.

सखाहरीने फार काही सांगितलं नाही. हात नुसता पाठीखाली ठेवा, दाबू नका. पाणी नेईल.

तिसऱ्यांदा हात वर. नाव. प्रार्थना. या वेळी अनुग्रहने शब्द हळू म्हटले.

सखाहरीने नाक धरलं नाही. त्याने छातीतला सगळा वारा सोडला. तो आवाज काठापर्यंत ऐकू गेला. मग तो मागे कलला आणि पाण्याने त्याला घेतलं. डोकं, छाती, गुडघा. शेवटी ताठ पायाचा पंजा, अंगठ्यासकट, सावकाश खाली गेला. वर पाणी सपाट झालं.

मार्थाबाईंनी मान डोलावली. झालं.

अनुग्रह तो वर यायची वाट बघू लागला. आधी दोन्ही वेळा आला होता तसा.

म्हातारा आला नाही.

दोनचार बुडबुडे वर आले. मग तेही थांबले.

अनुग्रहने वाकून बघितलं. पाण्याखाली सखाहरीचे डोळे उघडे होते. ते त्याच्याकडेच बघत होते. त्यांत भीती नव्हती, खूण नव्हती, हाक नव्हती. इतकं शांत कोणी आपल्याकडे बघितल्याचं अनुग्रहला आठवत नव्हतं. प्रार्थनेत गुडघे टेकून दोन वर्षं तो जे शोधत होता, ते आत्ता अगदी हातावर आहे असं त्याला वाटलं, आणि त्याच क्षणी म्हातारा मरतो आहे असंही वाटलं.

काठावर मार्थाबाई एक पाऊल पुढे आल्या होत्या. त्यांचे दोन्ही हात तोंडावर होते.



अनुग्रहने उचलायचा प्रयत्न केला. वारा नसलेलं शरीर दगडासारखं जड असतं. एका हाताने ते हललंसुद्धा नाही. त्याचा पाय शेवाळावरून सरकला. तेव्हा त्याने उभं राहायचा नाद सोडला. तो गुडघ्यांवर खाली गेला. पाणी त्याच्या हनुवटीवर आलं, मग कपाळावर, मग डोक्यावरून गेलं. कानात सगळं बंद झालं. त्या हिरव्या अंधारात त्याने दोन्ही हातांनी म्हाताऱ्याला कवटाळलं, छातीशी धरलं, आणि होतं नव्हतं ते बळ लावून उठला.

दोघे एकदम पाण्याबाहेर आले.

सखाहरीने श्वास घेतला. लांब, आवाज करत, नुकत्याच जन्मलेल्या पोरासारखा.

मार्थाबाई हात खाली घेऊन ताठ उभ्या राहिल्या. त्यांनी चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला. मग साक्षीदाराने जे बोलायचं ते बोलल्या.

"पूर्ण."

येसुपादम त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटला आणि खाली बसला.

त्यांनी सखाहरीला पायरीवर बसवलं. मार्थाबाईंनी टॉवेल आणून त्याच्या खांद्यावर टाकला, आणि टाकलेला हात लगेच उचलला नाही. तो हात तिथे असेपर्यंत म्हातारा हलला नाही.

अनुग्रह अजून पाण्यातच होता. केस कपाळावर चिकटलेले. चारचौघांसमोर रागावायचं नसतं हे त्याला कळत होतं, पण राग आवरेना.

"तुम्ही वर का आला नाहीत?" त्याने विचारलं. "दोन्ही वेळा आलात. आत्ताच का... मला वाटलं तुम्ही..."



सखाहरी सदऱ्याचा ओला घोळ पिळत होता. पिळून झाल्यावर त्याने तो मांडीवर नीट पसरला.

"मीच वर आलो असतो, एल्डर," तो म्हणाला, "तर ती नेहमीचीच बुडी झाली असती."