करजगुंडीची पेटी

"अप्पा, माझी पट्टी कुणी कापली?"

"मी."

"तुम्ही? ...आणि का म्हणून?"

"ओरडत होती बिचारी."

रेवणला वाटलं, अप्पा चेष्टा करतायत. पण अप्पा लाकडी पेटीशेजारी पोत्यावर मांडी घालून बसले होते, मांडीवर पत्रा कापायची कात्री होती, आणि चेहरा असा की परसातला दोडका कापून आणलाय, त्यात विचारायचं काय! कापलेली लोखंडी पट्टी वेटोळं करून जमिनीवर पडली होती.

रेवणच्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळपासून घाम गाळून त्यानं त्या पेटीला पट्ट्या मारल्या होत्या. हातपाय धुवायला विहिरीवर काय गेला, तेवढ्यात हा उद्योग!

आता ही पेटी साधीसुधी नव्हती, ते आधी सांगायला हवं.

अक्कलकोटच्या पुढं, माळावर, अप्पांचा मठ. तिथं काशाच्या घंटा ओतायचं काम चालायचं, आणि गावोगावच्या देवळांत त्या जायच्या. महाराज होण्याआधी अप्पा सोलापूरच्या एका गिरणीत कापडाच्या गाठींना लोखंडी पट्ट्या मारायचे. संसार सुटला, गिरणी सुटली, पट्टीचा नाद काही सुटला नाही. ध्यान शिकायला आलेल्या माणसाच्या हातात ते पहिल्यांदा पट्टी ताणायचं मशीन द्यायचे. "मन मागाहून बांध, आधी खोकं बांध," म्हणायचे. निम्मे लोक तिथूनच पळ काढायचे. अप्पा त्यांनाही वाटेत खायला भाकरी द्यायचे.

रेवण टिकला. टिकला, कारण तो हट्टाला पेटून आला होता.

करजगुंडी हे त्याचं गाव. तिथल्या वीरभद्राची पूजा त्याच्या वडिलांकडं, बसलिंग तात्यांकडं. एका जत्रेत रेवण घंटा बडवत होता, दोस्तांसमोर जरा जास्तच जोरात, आणि जुनी घंटा चिरली. भरल्या जत्रेत तात्यांनी त्याच्या मुस्काटात दिली. ती तो विसरलाही असता. बापाचा हात, कधीतरी पडायचाच. पण वर तात्या बोलले, "तुझ्या हातून काही टिकायचं नाही."

जिभेला हाड नसतं म्हणतात. म्हातारा बोलून गेला आणि पोरगा त्याच पावली घराबाहेर पडला. तेव्हापासून इतक्या वर्षांत घरी पाऊल नाही, निरोप नाही.

आणि आता या पेटीत करजगुंडीची नवी घंटा होती. रेवणनं स्वतः ओतलेली. ती जाईल, देवळात टांगली जाईल, रोज वाजेल, आणि रोज तात्या ऐकतील. झालं. आपण मात्र जायचं नाही, हे त्यानं मनाशी पक्कं करून ठेवलं होतं.

"चुकलं काय ते तरी सांगा," रेवण म्हणाला. "सिद्राम टेम्पो घेऊन कधीचा उभा आहे."

करजगुंडीचा भाजीवाला सिद्राम लिंबाखाली टेम्पोच्या पायरीवर बसून शेंगा खात होता. त्यानं हात हलवून दाखवलं, चालू द्या, मला घाई नाही.

"ओरडत होती ती फळी. हात फिरव तिच्यावर," अप्पा म्हणाले.

रेवणनं फिरवला. बाभळीची चांगली जाड फळी. पेटीच्या कडेला पट्टी तिच्यात रुतून बसली होती तिथं लाकूड चेचून निघालं होतं.

"रुतली तर रुतली! घट्ट नको का? तिकडचा रस्ता बघितलाय तुम्ही?"

"आणि सांध्याला दोन सीलं कशाला?"

सील म्हणजे पत्र्याची छोटी चपटी क्लिप. पट्टी पेटीभोवती फिरवायची, दोन टोकं एकावर एक आणायची, त्यांच्यावर सील चढवायचं आणि पकडीनं दाबून टाकायचं. नीट दाबलं तर एक पुरतं. रेवणनं प्रत्येक सांध्याला दोन-दोन चढवली होती, आणि जीव खाऊन दाबली होती.

"एक सुटलं तर दुसरं असावं म्हणून."

"एकावर भरवसा नाही?"

"माझ्या हातावर लोकांचा भरवसा नाही, अप्पा."

बोलला आणि त्यानं तोंड फिरवलं. अप्पांना दिसायचं ते दिसलंच.

अप्पा उठले. पेटीला अजून दोन पट्ट्या तशाच होत्या, तारेसारख्या ताणलेल्या. अप्पांनी कात्री उचलली, पेटीवर वाकले, आणि तोंड थेट पट्टीपाशी नेलं. नाक टेकायचंच बाकी. मग बोटांनी चाचपत चाचपत कात्रीचं पातं पट्टीखाली सरकवायला लागले.

"अहो, काय करताय?" रेवण ओरडला. "तोंड मागं घ्या!"

"दिसत नाही रे नीट."

"तुम्हाला? भिंतीवरची मुंगी दिसते तुम्हाला! अप्पा, उसळेल ती! कापल्याबरोबर डोळ्यात जाईल!"

"मला सांध्याचं सील सापडेना... कुठंय ते? इकडं का?" अप्पांनी मोकळा हात पट्टीवर ठेवला, आंधळ्यानं उंबरा चाचपावा तसा.

रेवण धावला आणि त्यानं अप्पांचं मनगट धरलं. चांगलं करकचून धरलं. गुरूचा हात असा धरायचा नसतो, पण तेव्हा कुणाला भान होतं!

"तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? पट्टी कापताना तोंड बाजूला, एकानं पोतं टाकून दाबायची, दुसऱ्यानं कापायची! आणि तुम्हीच हे असं..."

"मला ठाऊक आहे," अप्पा म्हणाले. "करजगुंडीत पेटी कोण उघडतं?"

रेवणची मनगटावरची पकड ढिली झाली.

घंटेची पेटी पुजाऱ्यानंच उघडायची, हा त्या भागातला रिवाज. पट्टी दुसऱ्या कुणी कापली तर घंटा मुकी होते म्हणतात. खरं-खोटं वीरभद्राला ठाऊक, पण करजगुंडीत तो रिवाज मोडायची कुणाची छाती नव्हती.

"तात्या," रेवण हळूच म्हणाला.

"सिद्राम!" अप्पांनी हाक मारली. "मघाशी मला सांगितलंस ते याला सांग."

सिद्रामनं शेंगांची टरफलं झटकली. रेवणकडं बघवेना त्याला. "तात्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय रे. देवाला गंध लावतात तेसुद्धा चाचपून. पण कुणाची मदत घेतील तर शपथ."

रेवण पेटीला टेकून खाली बसला. तात्या म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर होते ते जत्रेतले, हात उगारलेले, डोळे लालबुंद. ते डोळे म्हातारे झाले असतील, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. घंटा टिकली पाहिजे, वाटेत एक खिळा हलता कामा नये, तात्यांनी बघत राहिलं पाहिजे... एवढंच डोक्यात होतं. आणि तात्या बघणार कशानं?

"आई गं..." तो पुटपुटला. "मी काय करून ठेवत होतो!"

अप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मग रेवण उठला. डोळे बाहीला पुसले. अप्पांनी पट्टीवर दुमडलेलं पोतं टाकून दाबलं, रेवणनं बाजूला उभं राहून कापलं. दाबलेली असूनही पट्टी पोत्याखाली अशी उसळली की रेवण एक पाऊल मागं सरला. दुसरीही तशीच काढली.

आणि मग त्यानं नव्यानं पेटी बांधायला घेतली.

काय बांधली म्हणून सांगू! आधी पेटीच्या कडांवर पत्र्याचे वाकवलेले तुकडे बसवले, पट्टीनं लाकूड खाऊ नये म्हणून. पट्टी फिरवली, टोकं एकावर एक आणली, सरळ, जराही तिरपी नाहीत. मशीनचा दांडा ओढला, एकदा, दोनदा, आणि मग कान फळीकडं देऊन सावकाश. फळी कण्हायला लागायच्या आत हात थांबला. सांधा कोपऱ्यावर येऊ दिला नाही, वरच्या सपाट बाजूला घेतला, चाचपणाऱ्या बोटांना लगेच लागेल असा. एकच सील. पकडीनं दोन ठिकाणी दाबलं. अंगठ्यानं रेटून बघितलं, टोक तसूभरही सरकलं नाही.

उरलेल्या पट्ट्याही तशाच मारल्या.

अप्पांनी डोळे मिटले आणि पेटीवरून हात फिरवला. बोटं सीलवर येऊन थांबली. दोन्ही हातांनी पेटी हलवून बघितली. आतली घंटा जागची हलली नाही.

"वा रे वाघा," ते म्हणाले. "अशी तर मलाही गिरणीत कधी जमली नाही."

अप्पांच्या तोंडून असं कुणी ऐकलं नव्हतं. रेवणचा चेहरा फुलला. पहिल्यांदाच, कितीतरी दिवसांनी, त्याच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. तो धावत सिद्रामकडं गेला आणि त्याच्या हातात कात्री दिली.

"सिद्रामअण्णा, ही तात्यांना दे. सांधा वरच आहे म्हणावं, अगदी मधोमध. बोटाला लागेल. पोतं टाकून हळूच कापायची, काही भीती नाही."

"आणि तू?" अप्पांनी विचारलं.

"मी काय?"

"तू नाही जात?"

रेवणनं मान खाली घातली. "माझं काय काम आता? अगदी सहज उघडेल. तात्यांना कुणाची गरजच पडणार नाही. मला बघून ते काय म्हणतील, अप्पा? परत तसलंच काही बोलले तर? ...घंटा पोचली म्हणजे मी पोचलो."

अप्पा लिंबाची काटकी उचलून उगाच दात कोरत राहिले. सिद्राम कात्री हातात घेऊन एकदा याच्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होता. माळावरून गरम वारा आला आणि शेंगांची टरफलं उडवत गेला.

मग अप्पांनी काटकी टाकली. पट्टीचा उरलेला तुकडा शोधला. पेटीभोवती फिरवला, टोकं मशीनमध्ये घातली आणि दांडा ओढायला लागले.

"अप्पा, पट्ट्या पुरेशा झाल्या की," रेवण म्हणाला.

अप्पा ओढत राहिले. म्हाताऱ्या दंडांवर शिरा तटतटल्या. श्वास फुलला. तरी ओढत राहिले. तुटेपर्यंत ताणू नये, हे ज्यांनी उभा जन्म प्रत्येक शिष्याला सांगितलं, तेच अप्पा पाय पेटीला लावून ओढत होते.

फळी करकरली.

"बास! अप्पा, बास!"

आणखी एकदा ओढलं. फळी चांगली किंचाळली. मग अप्पांनी सील चढवलं आणि पकड दाबली. एक सील. शेजारी दुसरं. दोन्ही जीव खाऊन दाबली, आणि तेही ऐन कोपऱ्यावर. घाम पुसत मागं सरले आणि आपल्या कामाकडं कौतुकानं बघत उभे राहिले.

रेवणला रडू यावं की हसू, कळेना. "अहो, काय केलंत हे! केलेलं सगळं मातीत घातलंत! तात्यांनी एकट्यानं कापली तर ही उसळणार, सरळ तोंडावर उसळणार!"

"उसळणारच की," अप्पा म्हणाले. त्यांनी सिद्रामच्या हातातली कात्री काढून घेतली आणि रेवणच्या हातात दिली. "दाबून धरायला माणूस लागणार... मग उभा काय राहिलास? चढ टेम्पोत."