शेवंतीवरची काळी पिल्लं

फुलांवर जगणाऱ्या एका गावात एक माळीण राहत होती. शेवंतीला कळ्या धरल्या की त्या गावात किडेवेचणीचा दिवस ठरायचा. सगळं गाव मडकी घेऊन मळ्यात उतरायचं आणि दिसेल तो किडा उकळत्या पाण्यात टाकायचं. फक्त काळ्या ठिपक्यांच्या गोल लाल किड्याला कोणी हात लावत नसे. तो शुभ! त्याचं नावच 'देवीची टिकली'.

माळीण दरवर्षी घसा फोडून सांगे, "अरे, ते काळे काटेरी किडे म्हणजे या टिकलीचीच पिल्लं आहेत! ती फुलं खात नाहीत. फुलांवर बसून त्यांचा रस शोषणारा बारीक किडा, मावा, खातात."

"एवढ्या देखण्या आईला असली पोरं?" पाटील हसला. "काहीतरीच तुझं, मावशी!"

"तुमच्या आईलाही लोक हेच विचारत असतील, पाटील!"

लोक फिदीफिदी हसले. पाटील लालबुंद झाला. "मळा वेचू दिला नाहीस, तर यंदा सणाला देवीचा हार तुझ्या फुलांचा होणार नाही!"

माळणीचा जीव त्या हारात होता. वाद घालून घालून ती थकली. "अर्धा वेचा," ती म्हणाली. "उरलेल्या अर्ध्याला बोट लावाल तर याद राखा!"

पंधरा दिवसांत गावभर मावा चढला. कळ्या चिकट झाल्या, वाकड्या झाल्या, न उमलताच गळल्या. माळणीचा वेचलेला अर्धा मळाही गेला. न वेचलेला अर्धा मात्र पिवळाधमक फुलला.

पाटील तावातावाने आला. "बघ! तुझ्या या किड्यांनीच गावाला रोग लावला!"

माळणीने कपाळावर हात मारून घेतला. मग पाटलाची बाही धरून त्याला झाडापाशी उकिडवं बसवलं. "आता तोंड मिटा आणि डोळे उघडा."

देठावर एक काळं पिल्लू सरकत होतं. त्याने मावा पकडला, चोखला, टाकला. पुन्हा पकडला. शेजारच्या पानावर तशाच एका पिल्लाचा कोष फाटला होता आणि त्यातून टिकली बाहेर येत होती.

पाटील धोतर झटकत उठला. मग म्हणाला, "मावशी, हे आधी नाही का सांगायचं?"

माळणीने टोपली उचलली आणि ती फुलं तोडायला गेली. देवीचा हार तेवढा झाला. बाकी गावाने त्या वर्षी सणाला दारांना फुलांच्या तोरणाऐवजी नुसती पानं बांधली.

तात्पर्य एवढंच: रूप पाहून शिक्षा ठोठावणारे आपलेच राखणदार मारतात. कोण काय खातंय, ते आधी नीट बघावं.