केतकीचा पंप आणि रंगनाथाचं समुपदेशन

कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्यांच्या एका गावात एक भोळा समुपदेशक होता. नाव रंगनाथ. दम्याच्या पोरांना औषधाचं वळण लावायला माणूस नेमा, असा वरून हुकूम आला, तेव्हा दवाखान्याने त्यालाच नेमलं. का? तर सांगितलेलं इतकं मुकाट ऐकणारा माणूस गावात दुसरा नव्हता.

पहिलीच त्याच्या वाट्याला आली केतकी. नववीतली, कबड्डीची कप्तान. दम्याचा पंप रोज ओढायचा म्हटलं की हिच्या कपाळाला आठ्या. मागच्या दिवाळीत पोरगी मरता मरता वाचली होती.

डॉक्टरबाईंनी बजावलं, "रंगनाथ, तिला रागावू नका. तिच्या कलाने घ्या."

"बरं बाई. तसंच करतो."

केतकी आली. म्हणाली, "सर, मला आता बरं वाटतंय. मग पंप कशाला घ्यायचा?"

"नको घेऊस," रंगनाथ म्हणाला. कलाने घ्यायचं म्हणजे घ्यायचं!

आठवड्यात केतकीची छाती वाजायला लागली. डॉक्टरबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, तिला सांगायचं, बरं वाटलं तरी थांबायचं नाही!"

"बरं बाई. तसंच करतो."

तो तडक शाळेच्या मैदानावर गेला. केतकी धावता धावता कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सर, दम लागलाय. थांबू का?"

"छे! बरं वाटलं तरी थांबायचं नाही. तुला तर बरंही वाटत नाहीये. मग तर मुळीच नाही."

पोरगी आणखी एक फेरी धावली आणि मटकन खाली बसली. मैत्रिणींनी उचलून दवाखान्यात आणली.

डॉक्टरबाई करवादल्या, "अहो, दम लागला की खाली बसवायचं, बोलू द्यायचं नाही, हा तातडीचा निळा पंप तोंडाला लावायचा. हा घ्या, खिशातच ठेवा."

"बरं बाई. तसंच करतो."

बरी झाल्यावर केतकी आपणहून आली. धावत आल्याने जरा दम लागला होता. मोठा धीर करून म्हणाली, "सर, खरं सांगू? वर्गातल्या पोरी हसतात, म्हणून मी..."

रंगनाथाने तिला खांदे दाबून खाली बसवलं आणि पंप तोंडाला लावला. ती बोलायला गेली की हा पंप पुढे करी. शेवटी बिचारी डोळे पुसत निघून गेली. फार वाईट झालं. इतक्या दिवसांनी मन मोकळं करायला आली होती.

डॉक्टरबाईंनी हात जोडले. "अहो, समुपदेशन म्हणजे ऐकून घेणं! ती बोलायला लागली की शांत बसा. घाई नको. मध्ये तोंड घालू नका. उत्तर तिच्याच तोंडून येऊ द्या."

"बरं बाई. तसंच करतो."

जिनिंगचा हंगाम सुरू झाला. हवेत कापसाची धूळच धूळ. एका दुपारी केतकी दवाखान्याच्या दारात धडपडत आली. छाती भात्यासारखी हलत होती, ओठ काळेनिळे.

"सर... पं..."

रंगनाथ खुर्ची ओढून समोर बसला. "बोल बाळा. घाई नाही."

केतकीने त्याच्या खिशाकडे बोट केलं. "खि... खि..."

"अगदी मनमोकळं बोल. मी मध्ये बोलणार नाही."

केतकीने त्याच्यावर झेप घेतली. खुर्चीसकट रंगनाथ आडवा, खिसा टरकन फाटला आणि पंप पोरीच्या हातात! डॉक्टरबाई धावत आल्या. हळूहळू केतकीचा श्वास जाग्यावर आला.

"बाई," ती म्हणाली, "आजपासून रोजचा पंप न चुकता घेईन. पोरी हसल्या तरी घेईन. निळा पण माझ्याच दप्तरात ठेवीन. फक्त मला पुन्हा या सरांच्या हवाली करू नका!"

रंगनाथ फाटका खिसा धरून उठला. त्याच्या डोळ्यांत आनंदाश्रू.

"बघा बाई! उत्तर शेवटी तिच्याच तोंडून आलं!"