गुणाऊ किल्लेदारिणीचा पुकारा

एका राज्यात पुकाऱ्याविना दरबारात पाऊल टाकायची कोणाची छाती नव्हती. मानकरी आला की भानजी चोपदार चांदीची काठी आपटी आणि आरोळी देई, "सुभेदार आले हो! सुभेदारीणबाई आल्या हो!" सरदारामागे सरदारीण, राजामागे राणी. बायकांचं पद चांदीच्या पट्टीवर कोरून त्यांच्या गळ्यात घालत. नवरा मेला की मात्र ती पट्टी राजवाड्यामागच्या विहिरीत जाई, आणि त्या बाईला पुन्हा कोणी पुकारत नसे. का, ते कोणी विचारलं नाही. रीत म्हटली की आपल्या लोकांची अक्कल गहाण पडते.

गुणाऊ ही तिथली किल्लेदारीण. शत्रूच्या वेढ्यात किल्लेदार पहिल्याच दिवशी पडला. तिने डोळे पुसले आणि चाळीस दिवस किल्ला लढवला. राज्य वाचलं. ती दरबाराच्या दारात आली, तर शिपायांनी आधी तिची पट्टी काढून घेतली. भानजी मान खाली घालून उभा राहिला. दिवस मावळेपर्यंत ती उंबऱ्याबाहेर उभी होती. मग एवढंच बोलली, "माझं पद तुम्ही बुडवलंत. आता तुमची पदं बुडतील, माणसांसकट."

पुढच्या पौर्णिमेला भर दुपारी भानजीचं तोंड आपोआप उघडलं. आतून आवाज आला तो गुणाऊचा. "सरदार गेले हो!" सरदार जागच्या जागी नाहीसे झाले. अंगरखा तेवढा उभा राहिला, आत कोणी नाही, वर पागोटं अधांतरी. दुसऱ्या पौर्णिमेला दिवाण गेले, तिसऱ्या पौर्णिमेला सुभेदार. रिकामे अंगरखे दरबारात रांगेने उभे असत आणि वारा नसताना त्यांच्या बाह्या हलत. लोकांची पाचावर धारण बसली. एवढं होऊनही त्यांच्या बायकांच्या पट्ट्या रीतीप्रमाणे विहिरीत पडल्याच!

तिसऱ्या खेपेला तो आवाज म्हणाला, "आता राजे."

राजा वीरकेतूने घाईघाईने किल्ल्यावर निरोप धाडला की गुणाऊला आम्ही 'किल्लेदार' हा किताब बहाल करतो. केवढा हा उदारपणा! निरोप्या परतला तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. तो म्हणाला, "बाई म्हणतात, किल्लेदार माझे यजमान होते. त्यांचं पद मला कशाला? माझं होतं ते कुठे आहे?"

राणी हेमकळेचा राजावर फार जीव होता. ती रडत बसली असता खिडकीत साळुंकी येऊन बोलली, "राणी, तीन कामं आहेत. विहिरीत उतर. किल्ल्यावर जा. तिसरं गुणाऊ सांगेल."

राणी विहिरीत उतरली. काळ्या पाण्यातून बायकांचे आवाज आले, "माझी घे. माझी घे." थंड बोटांनी तिची पावलं धरली. तिने गुणाऊची पट्टी तेवढी उचलली आणि जीव मुठीत धरून वर पळाली.

किल्ल्याचे दरवाजे आपोआप उघडले. गुणाऊ तटावर बसली होती आणि भर उन्हात तिची सावली पडत नव्हती. राणीने तिला लवून मुजरा केला.

"बाई, पट्टी आणली आहे. माझ्या धन्याला सोडा."

"बाकीच्यांच्या?"

"मला भीती वाटली."

"मलाही वाटत होती. चाळीस दिवस." गुणाऊने पट्टी हातात घेतलीच नाही. "हेच तिसरं काम. सगळ्या आण आणि दरबारात पुकार. एक जरी राहिली, तरी राजा गेला."

पौर्णिमेच्या आदल्या रात्री राणीने स्वतःची पट्टी देव्हाऱ्यात ठेवली आणि सकाळी ती पुन्हा विहिरीत उतरली. बोटांनी पाय धरले, पण या वेळी तिने ते सोडवले नाहीत. ओटी भरून पट्ट्या काढल्या. सगळ्या शेवाळलेल्या, एक मात्र लखलखीत. तिच्यावर कोरलं होतं, राणी हेमकळा.

दरबारात शिरताच तिने विचारलं, "भानजी, ही कोणी टाकली?"

"मीच, राणीसरकार. दुपारी महाराज जाणार. म्हणून देव्हाऱ्यातून उचलून पहाटेच टाकली. रीत आहे."

राणीने ती पट्टी पुन्हा ओटीत टाकली. तिने पुकारायला सुरुवात केली. "सरदारीण लाडाऊ आल्या हो! दिवाणीण मंजुळा आल्या हो!" शंभर वर्षांमागे मेलेल्यांचीही पदं तिने पुकारली. सूर्य माथ्यावर आला. भानजीचं तोंड उघडलं, "राजे..." राजाच्या मोजड्या रिकाम्या झाल्या. मग गुडघे गेले, मग कंबर. राणी थांबली नाही. "किल्लेदारीण गुणाऊ आल्या हो!"

गुणाऊ उंबऱ्यावर उभी होती. "अजून एक," ती म्हणाली.

आपलं पद आपणच पुकारायचं नसतं. राणीने भानजीकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या घशात दुसऱ्याचा आवाज अडकला होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्याने दोन्ही हातांनी काठी आपटली आणि स्वतःच्या आवाजात ओरडला, "राणी हेमकळा आल्या हो!"

राजा पुन्हा अख्खा झाला. अंगरख्यांत माणसं भरली. गुणाऊची सावली तिच्या पायाशी येऊन पडली, आणि ती मानाने आत येऊन आपल्या जागी बसली.

पुढे पुष्कळ वर्षांनी राजा वीरकेतू म्हातारा होऊन निवर्तला. तेराव्यानंतर राणी एकटीच दरबारात आली. दारातल्या नव्या शिपायाचा हात तिच्या गळ्यातल्या पट्टीकडे गेला. भानजीला तोवर धड दिसतही नव्हतं. त्याने पावलांची चाहूल ओळखली आणि काठी आपटली.